जुलैतले शिपाई, डिसेंबरातलं शहर: कोल्हापूरच्या १८५७च्या उठावाचं प्रकरण

३१ जुलै १८५७च्या रात्री कोल्हापूरच्या छावणीत मुंबई इलाख्याच्या २७व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीतले शिपाई कंपनी सरकारविरुद्ध उठले. तीन आठवड्यांच्या आत ती पलटण निःशस्त्र झाली. चार महिन्यांनी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, खुद्द कोल्हापूर शहर उठलं आणि एका दिवसात दाबलं गेलं. शाळेच्या पुस्तकात या दोन्ही घटना एका ओळीत येतात, ‘कोल्हापुरातही उठाव झाला’ अशा. पण फसण्याचं कारण शोधायचं तर त्या वेगळ्या करूनच पाहाव्या लागतात. जुलैत बंदुका होत्या, पण शहर सोबत नव्हतं. डिसेंबरात शहर होतं, पण पलटण उरली नव्हती. असं का झालं, कुठल्या टप्प्यावर कुणापुढे काय पर्याय होते, हा या अभ्यासाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

सुरुवात १८५७पासून केली तर कोल्हापूर समजत नाही. १८३८मध्ये शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज वारले आणि त्यांचे अल्पवयीन चिरंजीव बाबासाहेब गादीवर आले. राज्याचा कारभार हळूहळू कंपनीच्या हाताखाली गेला. १८४३मध्ये कंपनीच्या पसंतीनं दाजी कृष्ण पंडित कारभारी झाले. महसुलाची घडी बसवताना त्यांनी गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीच्या, पिढीजात जमिनींच्या वहिवाटीला हात घातला. १८४४च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगडावर गडकरी उठले. लोण पन्हाळ्यापर्यंत गेलं आणि कर्नल ओव्हन्स हा इंग्रज अधिकारी गडकऱ्यांच्या हाती सापडला. फौजा आणून गड घेतले गेले, पन्हाळाही पडला. गडांची तटबंदी पाडली आणि बंड मोडण्याचा खर्चही राज्याच्याच माथी मारला. त्यानंतर महाराज नावापुरते राहिले, कारभार पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे राज्यावर नेमलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या, हाती गेला.

म्हणजे १८५७ उजाडलं तेव्हा कोल्हापुरातल्या चाळिशीच्या कुठल्याही माणसाला बंड म्हणजे काय, ते मोडतात कसं आणि त्याची किंमत कोण भरतं, हे ठाऊक होतं. पुढच्या घडामोडींत लोकांनी जी सावधगिरी दाखवली तिला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी हा अनुभव आधी हिशेबात धरावा.

आजूबाजूलाही धुमसत होतंच. १८४८मध्ये सातारचं राज्य खालसा झालं होतं. १८५२पासून इनाम कमिशन दक्षिण मराठा मुलखात घराघरातल्या सनदा तपासत होतं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची इनामं एका शेऱ्यानं जात होती. साताऱ्याच्या गादीसाठी लंडनपर्यंत जाऊन आलेले रंगो बापूजी गुप्ते आता माणसं जमवत होते. जून १८५७मध्ये साताऱ्यात मानसिंग परदेशी याला फाशी झाली. सरकार सावध झालं होतं.

आता २७वी पलटण. बंगालच्या फौजेत एकाच मुलखातले, एकाच जातीचे शिपाई मोठ्या संख्येनं एकत्र असत. गावचं नातं आणि पलटणीचं नातं एकच असे. मुंबईच्या फौजेची भरती मिसळीची होती. कोकणातले मराठे, उत्तरेकडचे परदेशी, मुसलमान, सगळे एकाच कंपनीत. अशा पलटणीत कट शिजायला वेळ लागतो आणि शिजला तरी सगळ्यांपर्यंत पोचत नाही. मुंबई इलाख्यात फारच थोड्या पलटणी बिघडल्या त्याचं हे एक मोठं कारण आहे. कोल्हापूरची पलटणही सबंध उठली नाही, हे पुढे दिसेलच.

पेच नेमका काय होता

२७वी कोल्हापूरला, २९वी बेळगावला, २८वी धारवाडला. या तिन्ही पलटणींत निरोपांची ये-जा होती आणि एकदम उठण्याचा विचार होता, हे नंतरच्या तपासात पुढे आलं. कागदावर बेत बरा होता. तिन्ही ठाणी एका ओळीत आहेत. तिन्ही एकदम उठली असती तर दक्षिण मराठा मुलखात गोरी फौज आणायला सरकारला मोठी यातायात पडली असती, कारण पावसाळ्यात समुद्रमार्ग अवघड आणि घाट चिखलानं भरलेले. एक उठली आणि दोन थांबल्या, तर उठलेली एकटी मरणार. बेतातली कमजोरी इथेच होती: पहिलं पाऊल टाकणाऱ्याला दुसरे येतायत की नाही हे कळायची सोयच नव्हती.

तेव्हा कोल्हापूरच्या शिपायांपुढचा पेच असा होता. ऑगस्टच्या सुरुवातीला बकरी ईद होती आणि सणाच्या सुमारास काहीतरी होणार या धास्तीनं इंग्रज अधिकारी ठिकठिकाणी सावध होते. थांबावं तर कट फुटायची भीती, साताऱ्यात ते घडलेलं होतंच. उठावं तर बेळगाव-धारवाड तयार आहेत की नाही याची खात्री नाही. त्यांनी उठायचं ठरवलं.

३१ जुलैची रात्र

श्रावण लागलेला, कोल्हापुरातला पाऊस ऐन भरात. रामजी शिरसाट यांच्या पुढाकाराखाली शिपायांचा एक गट हत्यारं घेऊन निघाला तो अधिकाऱ्यांच्या बंगल्यांकडे. घरांवर गोळ्या झाडल्या, पण आतली माणसं थोड्या वेळापूर्वी मिळालेल्या इशाऱ्यामुळे निसटली होती. मग खजिना लुटला गेला. पळालेल्यांपैकी तीन तरुण गोरे अधिकारी पुढे उठावकऱ्यांच्या हाती लागून मारले गेले.

इथवर सगळं छावणीच्या आत चाललेलं होतं. आणि इथेच मला पहिला मोठा निर्णय दिसतो, जो बहुधा कुणी निर्णय म्हणून घेतलाच नाही. हाती हत्यारं आहेत, खजिना आहे, रात्र आहे. आता कुठे जायचं? पहिले काही तास बंगल्यांत आणि खजिन्यात गेले. शहराकडे माणसं वळली तेव्हा वेशी बंद होत्या.

त्या वेळचं कोल्हापूर तटबंदीच्या आतलं होतं. आज तट नाही, पण गंगावेस म्हटलं की रिक्षावाल्याला पत्ता विचारावा लागत नाही. त्या वेशीच्या आत अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, राजवाडा. महाराजांचा हात डोक्यावर असता, तर छावणीतली शिपायांची दंगल एका रात्रीत राज्याचा उठाव झाली असती. दारं उघडली नाहीत. कोल्हापूर लोकल इन्फन्ट्री ही दुसरी फौजही त्यांना येऊन मिळाली नाही.

पर्याय: शिपायांचे

सकाळ झाली तेव्हा उठलेल्यांपुढे तीन वाटा होत्या.

पहिली, वेशीसमोर ठाण मांडून दरबारावर दबाव आणायची. दुसरी, सरळ दक्षिणेला बेळगावची वाट धरायची, म्हणजे २९व्या पलटणीला आपण येतोय हे डोळ्यांनी दिसेल. तिसरी, घाट उतरून कोकणात जायची, जिथे बऱ्याच जणांची घरं होती आणि पलीकडे सावंतवाडी-गोव्याचं रान होतं.

प्रत्यक्षात काय झालं? काही जण शहराजवळच्या पागेत शिरून राहिले. मोठा गट कोकणच्या दिशेनं निघाला. पलटणीतले बरेचसे शिपाई तर लाइनीत, म्हणजे छावणीतल्या बराकींतच, राहिले, ना धड उठावात, ना धड सरकारच्या बाजूला. बेळगावकडे कुणीच गेलं नाही.

माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक ही. तिन्ही पलटणींच्या बेतात कोल्हापूरच्या गटाकडे एकच काम उरलं होतं, बेळगावला प्रत्यक्ष खबर पोचवणं. ते न करता ते कोकणात उतरले तेव्हाच तो बेत संपला. बेळगावात सरकारला सवड मिळाली. पत्रं पकडली गेली, संशयित उचलले गेले, २९वी आणि २८वी जागच्या जागी राहिली. पण याला नुसता अडाणीपणा म्हणून सोडू नये. हाती लुटीचा पैसा, अंगावर पाऊस, वर कुणी सेनापती नाही, अशा वेळी माणूस आपल्या गावाकडेच बघतो. कोकण हे त्यांचं घर होतं. बेत आखणाऱ्यांनी हा विचार आधी करायला हवा होता.

पर्याय: दरबाराचे

दरबाराची कोंडी याहून अवघड. बाबासाहेब महाराज गादीवर होते, पण सत्ता नव्हती. त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ चिमासाहेब ऐन पंचविशीतले, आणि लोकांच्या आशा त्यांच्यावर होत्या. कंपनीच्या अधिकाऱ्यांचा संशयही त्यांच्यावरच होता.

वेशी उघडल्या तर १८४४ची पुनरावृत्ती, आणि या वेळी गादीच जायची, कारण साताऱ्याचं उदाहरण नऊ वर्षांपूर्वीचंच होतं. वेशी बंद ठेवून इंग्रजांना उघड मदत केली तर रयत आणि सरदार तुटायचे. मधली वाट म्हणजे वेशी बंद ठेवायच्या आणि वाट बघायची. दरबारानं ती धरली.

या निर्णयाला फितुरी म्हणणारे आहेत, शहाणपण म्हणणारे आहेत. मला तो दोन्ही वाटत नाही. शिपाई उठले तेव्हा त्यांनी दरबाराला आधी विश्वासात घेतलं होतं याचा ठोस पुरावा नाही. मध्यरात्री अचानक दारावर येऊन थडकलेल्या, खजिना लुटून आलेल्या हत्यारबंद जमावाला कुठलाही राजवाडा दार उघडणार नाही. दरबारानं काय केलं यापेक्षा दरबाराशी आधी बोलणं का झालं नाही, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. पलटणीतले शिपाई बाहेरगावचे, त्यांचं शहराशी नातं बाजारहाटापुरतं. चिमासाहेबांभोवती जमणारी माणसं शहरातली आणि जुन्या शिबंदीची, म्हणजे दरबारच्या स्थानिक फौजेतली. दोघांचा राग एकाच सरकारवर होता, पण बसायची ठिकाणं वेगळी होती.

सरकारनं काय केलं

साताऱ्याहून सदर्न मराठा इर्रेग्युलर हॉर्सचा लेफ्टनंट विल्यम केर स्वार घेऊन पावसातून कोल्हापूरला आला. पागेत अडून बसलेल्या शिपायांनी दाद दिली नव्हती. केरनं स्वारांना घोड्यांवरून उतरवलं, ते एका दरवाजावर चालून गेले, दरवाजा फोडून आत घुसले. आतले शिपाई शेवटपर्यंत लढले. मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, एकही निसटला नाही. केरला याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदकाच्या नोंदीत तारीख १० जुलै पडली आहे, म्हणजे उठावाच्याही आधीची. ती चूक आजही याद्यांतून तशीच फिरते, तेव्हा अभ्यास करणाऱ्यानं सांभाळून राहावं.

त्या दरवाजापाशी क्षणभर थांबायला हवं. केर गोरा, पण त्याच्या मागे दार फोडणारे स्वार या दक्षिण मराठा मुलखातलेच. दाराच्या आत कोकणातले मराठे आणि परदेशी. बाहेरचा घाव घालतोय, आतला फटीतून गोळी झाडतोय, आणि दोघांच्या शिव्या एकमेकांना कळतायत. आतल्यांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. गावागावातून त्यांची नावं शोधण्याचं काम आपल्या लोकांनीच करायचं आहे आणि ते अजून नीट झालेलं नाही, याची मला खरोखर खंत आहे.

१४ ऑगस्टला कर्नल जॉर्ज ल ग्रँड जेकब कोल्हापुरात आला. इराणच्या मोहिमेवरून नुकताच परतलेला हा अधिकारी पूर्वी सावंतवाडीला पोलिटिकल सुपरिंटेंडेंट होता. त्याला हा मुलूख, भाषा, घाट, माणसं ठाऊक होती. त्याच्यापुढे दोन पर्याय होते. हाताशी असलेल्या तुटपुंज्या माणसांनिशी लगेच पलटणीचं हत्यार काढायचं, की गोरी फौज येईपर्यंत रोजची कवायत चालू ठेवून काही झालंच नाही असं दाखवायचं. तो थांबला. गोरे सैनिक आणि तोफा पोचल्यावर १८ ऑगस्टला परेडवर पलटण उभी केली आणि हत्यारं खाली ठेवायला लावली. मग कोर्ट मार्शल बसलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं.

चार दिवस थांबण्याचा निर्णय लष्करी दृष्टीनं अचूक ठरला, हे मान्य करावं लागतं. लाइनीत थांबलेल्या कुंपणावरच्या शिपायांना त्या चार दिवसांत कुणी आपल्याकडे ओढलं असतं तर चित्र पालटलं असतं. पण ओढायला कुणी उरलंच नव्हतं. पुढारी घाटाखाली गेले होते, पागेतले संपले होते.

तिकडे साताऱ्यात ८ सप्टेंबरला गेंडामाळावर रंगो बापूजींचे पुत्र सीताराम यांच्यासह १७ जणांना देहान्त शिक्षा झाली. रंगो बापूजी स्वतः कधीच सापडले नाहीत.

डिसेंबर

पलटण मोडली म्हणून सरकारनं प्रकरण मिटलं असं धरलं. शहराचा राग मात्र तसाच होता, उलट तोफेच्या तोंडची माणसं पाहिल्यावर वाढलाच. ५ डिसेंबरची रात्र उलटून ६ची पहाट झाली आणि जेकबला खबर मिळाली की शहराच्या वेशी बंद झाल्यात. या वेळी आतून, उठावकऱ्यांनी. या उठावाचे पुढारी म्हणून कोल्हापूर फिरंगोजी शिंदे यांचं नाव घेतं.

त्याच वेशी, पण जुलैत त्या शिपायांना बंद होत्या आणि डिसेंबरात सरकारला. जुलैत वेशीबाहेर हत्यारबंद, कवायत शिकलेली माणसं होती. डिसेंबरात वेशीबाहेर फक्त जेकब होता. आत जुनी शिबंदी, तलवारी, जुन्या बंदुका, चिडलेले लोक. दार धरून ठेवण्यापलीकडे पुढची आखणी दिसत नाही. बाहेरून कोण येणार होतं? आसपासच्या जहागिरदारांपैकी कुणीही वेळेवर हललं नाही.

जेकबचा ऑगस्टमधला आणि डिसेंबरमधला निर्णय शेजारी ठेवून वाचावा. ऑगस्टमध्ये तो कुमक येईपर्यंत थांबला, कारण पलटण कवायती होती आणि फितलेले किती हे ठाऊक नव्हतं. डिसेंबरात कुमकीची वाट न बघता तो त्याच सकाळी चालून गेला, कारण थांबलं तर बंद वेशीची बातमी जहागिरींमध्ये पसरेल आणि एका शहराचं बंड मुलखाचं होईल. दरवाजा फोडून त्याची माणसं आत शिरली, राजवाड्याला वेढा पडला. हत्यारांसह सापडलेल्यांची जागच्या जागी चौकशी झाली आणि ३६ जणांना मारलं गेलं. ना वकील, ना अपील. काही तासांत माणसं पकडली, चौकशी केली आणि संपवली. इंग्रजी बखरी याला तडफ म्हणतात. मला तो शब्द इथे वापरवत नाही.

परिणाम

बाबासाहेब महाराजांची गादी राहिली. १८६२मध्ये नवा करार होऊन त्यांना कारभाराचे अधिकार परत मिळाले. चिमासाहेबांना १८५८मध्ये कोल्हापुरातून काढून कराचीला नेलं, तिथेच १८६९मध्ये ते वारले. एकाच घरातल्या दोन भावांच्या वाट्याला इतकं वेगळं फळ आलं. शहरात आज चिमासाहेबांच्या नावाचा चौक आहे. वाहनांच्या गर्दीत तिथून जाताना कराचीची अकरा वर्षं किती जणांच्या मनात येत असतील, ठाऊक नाही. पण यायला हवीत.

वेगळं काय करता आलं असतं

शिपायांच्या बाजूनं पाहिलं तर बाकीच्यांची खात्री नसताना एकट्यानं उठल्याचा घोळ भरून काढता आला असता. उतावळेपणानं उठूनही एक गट तातडीनं बेळगावकडे गेला असता तर २९व्या पलटणीतल्या कुंपणावरच्यांना निवड करावी लागली असती. खजिन्याआधी वेस गाठली असती तर दरबाराला रात्रभर विचार करायला वेळ मिळाला नसता, हेही खरं. आणि अधिकाऱ्यांच्या घरांवर, जिथे बायकापोरं होती, गोळ्या झाडून त्यांनी लाइनीतल्या अर्ध्या सोबत्यांना मागे ढकललं असणार, असं मला वाटतं. सरकारशी झगडायला तयार असलेला प्रत्येक माणूस घरातल्या बाईवर गोळी झाडायला तयार नसतो.

शहराच्या बाजूनं सगळ्यात मोठा प्रश्न ऑगस्ट ते नोव्हेंबरचा आहे. जी माणसं डिसेंबरात वेशी बंद करू शकली त्यांनी लाइनीतल्या शिपायांशी १४ ते १८ ऑगस्टच्या दरम्यान संपर्क साधला असता तर? ते चार दिवस हीच दोघांच्या भेटीची शेवटची संधी होती. शिबंदीतल्या जुन्या माणसांना पलटणीचा शिपाई परका वाटत होता, कंपनीचा पगारी. ३१ जुलैनंतर तो तसा राहिला नव्हता, हे शहराच्या लक्षात यायला तोफांचे आवाज ऐकावे लागले.

सरकारच्या बाजूनं बोलायचं तर त्यांनी दोन्ही उठाव लष्करी प्रश्न म्हणून हाताळले आणि तेवढ्यापुरते जिंकले. इनाम कमिशन, दत्तकाचा नकार, कारभारातून हटवलेले दरबार, यातलं काहीही त्या चार महिन्यांत कुणी उघडून पाहिलं नाही. मे १८५८मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याला मारलं तेव्हा दत्तकाला मिळालेला नकार हीच त्यांची मूळ तक्रार होती. नरगुंद धारवाडपासून लांब नाही. जुलै १८५७मध्ये ज्या धारवाडच्या पलटणीची कोल्हापूरकरांनी वाट पाहिली, तिच्या आसपासच हा उठाव दहा महिने उशिरा आणि तोही एकटाच झाला. जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिली गेली.